गोठ्यापासून आडापर्यंत

माणसाने भ्यावे ते फक्त आपल्या हातून घडलेल्या पापाला. बाकी या जगात भिण्याजोगे काही नाही. आंबेसावळीच्या सरकारी मदरशाचे मुदर्रिस, म्हणजे शाळेचे मास्तर, माणिकराव हे वाक्य दर शनिवारी फळ्यावर लिहीत आणि त्याखाली एक ठसठशीत रेघ ओढीत. रेघ पुरी व्हायच्या आत बाहेर घोड्याच्या टापा वाजल्या, तर मात्र हातातला खडू खाली पडे आणि ते टोपी शोधू लागत. तालीमातच्या, म्हणजे शाळाखात्याच्या, साहेबांना ते भीत. पोलिसांच्या अमीनसाहेबांना भीत, आणि अमीनसाहेबांचा घोडा नुसता एकटा चरताना दिसला तरी त्याला वाकून आदाब करावासा त्यांना वाटे. मोहर असलेला कागद, मोहर नसलेला कागद (हा जास्तच, कारण मोहर का नाही ते कळत नसे), आकाशातली वीज, पिंगळीच्या ठेसनातून सुटताना गाडी देते तो हिसका, या सगळ्यांना ते भीत. पत्नीला भीत असे म्हणणे बरोबर होणार नाही. नर्मदाबाईंचा ते विचार घेत. आणि विचार घेण्याची वेळ येऊ नये याची काळजी घेत.

तर हे निजामाच्या राज्यातले, फसली तेराशे पंचेचाळीसच्या (इसवी एकोणीसशे छत्तीस) आषाढातले. वजिफा, म्हणजे इंग्रजी मुलखात ज्याला पेन्शन म्हणतात तो, चौदा महिन्यांवर आला होता. लेक वच्छला पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती आणि तिला नववा लागला होता. आणि पूर्णेच्या बाजूला पटकी आली होती. या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असे माणिकराव समजत होते, आणि तोवर त्यांची झोपही बरी होती.

पटकीची गश्ती त्यांनीच चावडीवर वाचली होती. गश्ती म्हणजे सगळ्या गावांना एकाच वेळी भिववण्यासाठी सरकार काढते तो कागद. तो उर्दूत असतो, आणि गावात उर्दू वाचणारे माणिकराव एकटेच, त्यामुळे गावाला भीती पोचवण्याचे काम बारा वर्षे त्यांच्याकडेच होते. ज्याच्या गोठ्याचे, उकिरड्याचे किंवा मोरीचे पाणी गावाच्या पिण्याच्या पाण्यात जाईल त्याच्यावर सख्त कारवाई होईल, आणि तो इसम सरकारी नोकर असल्यास बडतर्फ होऊन त्याचा वजिफा बंद होईल, असा मजकूर होता. माणिकरावांनी तो खणखणीत आवाजात वाचला, त्याचा अर्थ सांगितला, आणि लोक ऐकताहेत असे पाहून रंगात येऊन एक वाक्य पदरचे घातले: अशा माणसाला सरकारने बडतर्फ करायची वाट पाहू नये, गावानेच उचलून त्याच आडात टाकावा. पोलीस पाटील लिंबाजी यांनी यावर नुसते खाली पाहिले. माणिकरावांना वाटले, पाटील भारावले.

त्यानंतर आठव्या दिवशी, रात्रभर लागलेला पाऊस उघडला तेव्हा, लिंबाची काडी चावीत ते घरामागे आले आणि त्यांनी तो ओघळ पाहिला.

घराची रचना सांगायला हवी. घर उंचवट्यावर. घरामागे गोठा, गोठ्यात नर्मदाबाईंच्या तीन म्हशी, आणि गोठ्याच्या कुडाला टेकून छातीएवढा उकिरडा. म्हशी नर्मदाबाईंच्या होत्या, माहेरच्या. माणिकराव त्यांच्याकडे पाहुण्यासारखे राहत. तिथून जमीन उतरत उतरत चाळीस पावलांवर गावच्या थोरल्या आडाशी जाते. ही जमीन अशी उतरती आहे हे माणिकराव रोज पाहत होते, पण पाणी उताराकडे वाहते हा धडा ते चौथीला शिकवीत असल्यामुळे त्याचा स्वतःच्या घराशी संबंध असेल असे त्यांना कधी वाटले नव्हते.

ओघळ गोठ्यातून निघाला होता. चहासारखा रंग, वर फेस. तो उकिरड्याच्या पायथ्याला वळसा घालून, वाटेत त्याच्याकडून आणखी थोडा काळेपणा घेऊन, अगदी सवयीच्या वाटेने खाली गेला आणि आडाच्या कठड्याच्या बुडाशी एक चीर होती तिच्यात शिरला. चुकला नाही, थबकला नाही. तालुक्याचा चपराशी ओळखीच्या घरी जेवायला जातो तसा गेला.

माणिकरावांच्या तोंडातली काडी तशीच राहिली. पहिली गोष्ट त्यांनी केली ती ही, की खाली जाऊन ओघळावर पाय रोवून उभे राहिले. शेजारच्या बायनाबाई आडाच्या वाटेने घागर घेऊन चालल्या होत्या. साठी उलटलेली बाई, गावात कुणाच्या चुलीवर काय शिजते ते झाकण न उघडता सांगणारी. त्या थांबल्या.

“मास्तर, असं एका पायावर जोर देऊन काऊन उभे हाव?”

मास्तर म्हणाले, सूर्याला नमस्कार करतोय.

“सूर्व्या तिकडं हाय,” बायनाबाई म्हणाल्या, आणि गेल्या.

माणिकरावांनी खाली पाहिले. ओघळ त्यांच्या पायाच्या दोन्ही बाजूंनी जाऊन पलीकडे पुन्हा एक झाला होता.

तीन म्हशी, बारा वर्षे, हा गुणाकार करायचा नाही असे त्यांनी तिथल्या तिथे ठरवले. परंतु गणित शिकवणाऱ्या माणसाच्या डोक्यात गुणाकार विचारून होत नाही. तो झाला. मग ते घरात आले तर ओसरीवर वच्छला तांब्याने पाणी पीत होती. माणिकरावांनी तांब्या असा हिसकला की अर्धे पाणी तिच्या अंगावर सांडले. पोरगी घाबरून बघतच राहिली. गार पाणी अशा दिवसांत पिऊ नये, ते म्हणाले. आजपासून घरातले सगळे पाणी खळखळा उकळायचे.

नर्मदाबाई चुलीपाशी होत्या. आखाडात सरपण ओले असते, भाकरीलाच धूर होतो, त्यात रांजणभर पाणी उकळायचे म्हणजे काय हे त्यांनी बोलून दाखवले नाही. संध्याकाळी बायनाबाईंपाशी त्यांनी एवढेच म्हटल्याचे कानावर आले की, ह्यांना बाहेरचं काही लागलंय का कुनास ठाव.

आता सांगावे कुणाला? नर्मदाबाईंना सांगावे तर म्हशी त्यांच्या. गावाला सांगावे तर वजिफा. आणि न सांगावे तर डोळ्यांसमोर वच्छला, आणि तिच्या पोटातला तो जीव, ज्याने अजून जगात येऊन कुणाचे काही बिघडवले नव्हते आणि ज्याला आजोबांच्या गोठ्याचे पाणी आधीच पाजले जात होते. पटकी कशी येते ते माणिकरावांनी धड्यात शिकवले होते: सकाळी पोटात कळ, दुपारी डोळे खोल, संध्याकाळी चार माणसे. रोज सकाळी उठून ते आधी लेकीच्या चेहऱ्याकडे पाहत आणि मग, तिला संशय येऊ नये म्हणून, म्हशींच्या चेहऱ्यांकडेही पाहत.

पहिला उपाय त्यांना सुचला तो उकिरडा हलवण्याचा. उकिरड्याचे खत उन्हाळ्यात शेजारचा आश्रुबा आपल्या शेतात नेई आणि बदल्यात म्हशींना कडबा देई. माणिकराव त्याच्याकडे गेले आणि सहज बोलल्यासारखे म्हणाले की, यंदा खत लवकर नेलेस तर बरे.

आश्रुबाने विडी खाली ठेवली. “आखाडात? पेरण्या झाल्या, पिकं ईतभर वर आली, आन आता खत नेऊन टाकू कुठं, डोक्यावर?” मग आवाज उतरवून त्याने विचारले की बदली होतेय का. नाही नाही म्हणत ते परतले, आणि त्यांनी इतक्या वेळा नाही म्हटले की रात्रीपर्यंत मास्तरांची बदली झाली हे गावात पक्के झाले.

बायनाबाईंनी तर मूळ विचारच मोडून काढला. घरात लेक भरल्या दिवसांची असताना उकंडा हलवीत नसतात. लेकीची ओटी आणि घरचा उकंडा, दोन्ही भरलेले असावेत, नाहीतर बाळंतीण रिती होते. दिवाळीला आपण तिथं दिवा काय उगीच लावतो? शिवाय व्याही काय म्हणतील? हा मुद्दा खरा होता. व्याही वच्छलाला पाहायला आले तेव्हा मुलीच्या आधी त्यांनी मागे जाऊन उकिरडा पाहिला होता, त्याच्याशेजारी उभे राहून तो कुठवर येतो ते मापले होते, आणि मगच गूळपाणी घेतले होते. बारशाला ते पुन्हा येणार. तिथे सपाट जमीन दिसली तर मास्तरांचे घर बसले असा अर्थ पंचक्रोशीत निघायला वेळ लागणार नव्हता.

मग खड्डा ठरला. सेहतच्या, म्हणजे आरोग्याच्या, धड्यात चित्रासह दिले होते: गोठ्याच्या खालच्या अंगाला खड्डा खणावा, म्हणजे मैलापाणी त्यात जमून जमिनीत जिरून जाते. माणिकरावांनी हा धडा बारा वेळा शिकवला होता आणि त्यातला खड्डा किती खोल हे मुलांकडून पाठही करून घेतले होते. कुदळ मात्र त्यांनी आयुष्यात प्रथमच हातात घेतली. कुणी विचारले तर केळी लावायची आहे असे सांगायचे ठरले.

सगळ्यांनी विचारले. आंबेसावळीत मास्तरांच्या हातात कुदळ ही गोष्ट उरुसाइतकी पाहण्यासारखी होती. आश्रुबा म्हणाला, केळीला खोली पाहिजे, हा खड्डा नव्हे, ही तर वाटी. माणिकराव बरे म्हणाले आणि आणखी खोल गेले. आणखी कुणी म्हणाले, एक केळ लावू नये, जोडी लावावी. माणिकरावांनी रुंदी वाढवली. शेवटी लिंबाजी पाटील स्वतः आले आणि काठीला टेकून उभे राहिले. पोलीस पाटील म्हणजे सरकारचा डोळा. तो डोळा ओघळावर पडू नये म्हणून माणिकराव उपरणे पसरून त्याच्यापुढे उभे राहिले. पाटलांनी ओघळाकडे पाहिलेच नाही. खड्डा जरा लांबट केला तर पाटाचे पाणी बरे बसेल, एवढे म्हणून ते गेले. नाही म्हणण्याची सोय नव्हती. चौथ्या दिवशी खड्डा छातीइतका खोल, पुरुषभर लांब आणि अडीच हात रुंद झाला, आणि बायनाबाईंनी काठावर येऊन विचारले, “कुनाचं माप घेतलंय, मास्तर?”

त्या प्रश्नाने माणिकरावांना ताप भरला. पण ओघळ खड्ड्यात पडू लागला होता. आडाकडची वाट कोरडी झाली. दोन रात्री ते झोपले.

धडा लिहिणाऱ्याने जमीन पाहिलेली नव्हती, हे तिसऱ्या दिवशी कळले. ज्या कुठल्या मुलखात ते पुस्तक तयार झाले तिथे पाणी मातीत जिरत असेल. परभणीची काळी माती एकदा ओली झाली की मडक्यासारखी मिटते. तिच्यात पाणी जिरत नाही, मुक्काम करते. खड्डा भरत चालला. वरून पाऊस, खालून काही नाही. आठवड्याने तो काठोकाठ झाला आणि त्यावर अशी साय धरली की दुरून पाहणाऱ्याला नर्मदाबाईंनी काही विरजण लावले आहे असे वाटावे. वास घरात जेवायला येऊन बसू लागला. माणिकराव दिवसातून चार वेळा काठावर जाऊन पाणी किती बोटे खाली आहे ते पाहत. बोटे संपली होती.

चंद्री ही थोरली म्हैस. बाकी दोघी तिच्या मताने चालत, आणि काही अंशी घरही. नवव्या दिवशी दुपारी तिने दावे तोडले, बाहेर आली, खड्डा पाहिला, आणि माणसांनी आपल्यासाठी इतकी तसदी घेतली याबद्दल मनात काही शंका न आणता सरळ आत उतरून बसली. वर फक्त शिंगे आणि समाधान राहिले. माणिकराव मदरशातून धावत आले. आश्रुबा आला, त्याने दावे धरले. दोघे ओढू लागले. नर्मदाबाई गोठ्याच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या की तिला ओढू नका, ती चिडते. तोवर ती चिडली होती. चंद्रीने आतल्या आत कूस बदलली, खालच्या अंगाचा काठ भिजून मऊ झालेला होताच, तो धसकन सुटला, आणि नऊ दिवस साठवलेले सगळे एकदम आडाकडे निघाले.

आडावर तेव्हा तीन बाया होत्या. त्या कठड्यावर चढून उभ्या राहिल्या. लोंढा आला, कठड्याला थडकला, दोन्हीकडून फिरला आणि चिरेतून खाली जाताना असा आवाज झाला की माणिकरावांना तो आपल्याच घशात वाटला. त्यांनी डोळे मिटले. कानावर आले ते बायांचे हसणे. पदर तोंडाला लावून त्या हसत होत्या. या बायांना मरणाचेही भय नाही, की यांना कळलेच नाही? माणिकरावांना त्यांची दया आली, आणि त्या दयेच्या पोटात इतकी भीती होती की ते तिथेच मटकन खाली बसले, चंद्रीशेजारी.

बारा वर्षांत थोडे थोडे गेले ते एक वेळ देवाने पाहिले नसेल. हे भर दुपारी, साक्षीदारांसमोर.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मदरशाला सुटी दिली आणि पिंगळीहून गाडीने परभणीला गेले. आड शुद्ध करायची लाल दवा दवाखान्यात मिळते हे त्यांना गश्तीतूनच ठाऊक होते. दवाखान्यातल्या कंपाउंडरने अर्ज मागितला. अर्ज लिहिला तर म्हणाला, याला तिकीट लावा. तिकीट लावले तर म्हणाला, कारण लिहा. कारण! माणिकरावांनी इकडे तिकडे पाहून ‘मदरशातल्या माठासाठी’ असे लिहिले. माठ केवढा आहे, कंपाउंडरने विचारले. बराच आहे, माणिकराव म्हणाले. पुडी हातात आली तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला; पण कंपाउंडर एका मोठ्या वहीत गावाचे नाव, नोकराचे नाव आणि हुद्दा लिहून घेत होता. हे कशाला, असे त्यांनी विचारले. पटकीचे दिवस आहेत, ज्या गावातून लाल दवा मागतील तिथे सफाईचे दरोगासाहेब पाहायला जातात, असा हुकूम आहे. कंपाउंडरने हे इतक्या प्रेमाने सांगितले की माणिकरावांना त्याला मिठी मारून वही हिसकावून घ्यावीशी वाटली. यांतले काहीच न करता ते परतले.

माठाला चिमूटभर, असे प्रमाण होते. आड म्हणजे किती माठ, हा हिशोब गाडीत बसून त्यांनी अंकगणिताच्या रीतीने केला आणि उत्तर बरोबर काढले. दिवेलागणीला, बाया चुलीपाशी असतात अशा वेळी, ते आडावर गेले. चार चमचे पुरे होते. पण हातात पुडी आणि मनात बारा वर्षे. माणिकरावांनी पुडी झटकून रिकामी केली, आणि कागदही धुऊन काढला.

सकाळी आड जांभळा होता. काठाशी वांग्याच्या रंगाचा आणि मध्ये उन्हाची तिरीप पडली तिथे कुंकवासारखा लाल.

पहिला पोहरा वर ओढणाऱ्या बाईने तो तसाच सोडला आणि पळाली. घटकाभरात सारा गाव कठड्याभोवती. मग बायनाबाई पुढे झाल्या, वाकून पाहिले, आणि हात जोडून म्हणाल्या, “आई आली. पूर्णेकडून निघालेली मरीआई हितं येऊन चोळी धुऊन गेली.” आई येऊन चोळी धुऊन गेली म्हणजे पुढे निघाली, पुढे निघाली म्हणजे गाव वाचला, आता तिची पाठवणी नीट झाली पाहिजे. हे सगळे इतक्या झटपट ठरले की माणिकरावांना तोंड उघडायला जागाच सापडली नाही. तोंड उघडून म्हणायचे तरी काय?

हळद आली, कुंकू आले. दहीभाताचा गोळा, हिरवी चोळी, पाच लिंबे, लिंबाचा डहाळा, कुणाचा नवसाचा कोंबडा (त्याला पोहता येत नसल्याचे दिसताच वर काढण्यात आले), आणि नारळ. दुपारपर्यंत आडात जे पडले ते तिन्ही म्हशींना वर्षभरात जमले नसते. पहिला नारळ कुणी फोडावा यावर लिंबाजी पाटील म्हणाले, मास्तर असताना दुसऱ्याचा मान कसा. गश्ती वाचून दाखवणारे, पिण्याच्या पाण्यात काही टाकू नये हा धडा बारा वर्षे शिकवणारे माणिकराव पुढे झाले, आणि त्यांनी नारळ फोडून एक कवड स्वतःच्या हाताने आडात सोडली. आरतीही त्यांनीच म्हटली. आवाज कापत होता, तो भक्तीने, असे बायनाबाईंचे मत पडले.

पुढचे तीन दिवस ते वाट पाहत होते: एका डोळ्याने पिंगळीच्या वाटेची आणि दुसऱ्या डोळ्याने वच्छलाच्या चेहऱ्याची. चौथ्या सकाळी दोन्हीकडून एकदम आले.

दरोगासाहेब दमणीतून चावडीपुढे उतरले. किरकोळ अंगाचे, पिवळे, सतत खोकणारे गृहस्थ, मागे चपराशी, बगलेत तख्त्यांचे, म्हणजे रकाने आखलेल्या सरकारी कागदांचे, भेंडोळे. आड पाहून झाला होता. आडात पाहिलेल्या गोष्टींनी त्यांचा चेहरा आणखी पिवळा दिसत होता. सारा गाव गोळा झाला होता. माणिकरावांना बोलावणे गेले आणि ते टोपी सारखी करीत येत होते, तोच घरून निरोप आला: वच्छलाच्या पोटात कळ आली आहे.

सकाळी पोटात कळ. पुढचे माणिकरावांना पाठ होते.

त्यानंतर त्यांनी जे केले ते त्यांच्या हातून होईल असे त्यांच्यासकट कुणालाही वाटले नसते. त्यांनी टोपी काढली आणि दरोगासाहेबांच्या बुटांपाशी ठेवली.

“साहेब, गुन्हेगार मी. गोठा माझा, उकिरडा माझा. बारा वर्षं माझ्या म्हशींचं पाणी या आडात जातंय आणि सारा गाव ते पितोय. मी खड्डा खणला, तो फुटला. आड लाल केला तो मी, देवीनं नव्हे. मला बडतर्फ करा, वजिफा बंद करा, काय करायचं ते करा. पण आधी परभणीहून डॉक्टर बोलवा. माझी लेक आत मरायलीय.”

शेवटचा शब्द त्यांच्या तोंडून मदरशातल्यासारखा नाही, गावातल्यासारखा आला. बायनाबाईंनी देवीबद्दल काही बोलण्यासाठी तोंड उघडले आणि मिटले.

एवढ्यात सुईण तानुबाई दिसली. ती घराकडून हात पुसत येत होती, आणि तिला वाटेतच कुणीतरी झाले ते सांगितले असावे. “कोन मरायलंय?” ती म्हणाली. “दिस भरलेत पोरीचे. बाळंतपणाच्या कळा हायत त्या. गरम पानी पायजे मला, डाक्टर न्हाई.”

माणिकरावांनी हे ऐकले, पण टोपी उचलावी की नाही हे त्यांना कळेना. कबुली तर होऊन गेली होती, आणि ती परत घेण्याचा अर्ज कुठे करतात ते त्यांना ठाऊक नव्हते.

दरोगासाहेबांनी तख्ता उलगडला. रुमाल तोंडाला लावून खोकले आणि म्हणाले, “मुदर्रिससाब, बैठो. अब ये बताओ, इस बावडी का पानी पीते कितने लोग?” किती घरांना धोका पोचला, त्यावर कलम ठरणार होते. चपराशाने टाक बुडवला.

आश्रुबा विडी शोधू लागला. लिंबाजी पाटलांनी खाली पाहिले, गश्ती वाचली तेव्हा पाहिले होते तसेच.

शेवटी बायनाबाई म्हणाल्या, “पितंय कोन साहेब ते पानी? ढोरं धुतेत, धुनं धुतेत. पेयाचं आमी पाटलाच्या मळ्यातल्या हिरीवरून आनताव. धा-बारा वर्सं झाली की.”

“सब?”

“समदे. पयल्याच साली वास आला होता.”

मग मास्तरांना कुणी सांगितले का नाही, दरोगासाहेबांनी विचारले. हा प्रश्न अवघड होता, आणि त्याचे उत्तर गावाने बारा वर्षे एकमेकांनाही दिलेले नव्हते. पाटील घसा खाकरून म्हणाले, “कसं सांगावं साहेब? मास्तरांच्या बाईचं मन मोठं. रोज सकाळी सगळ्या गावाला ताक देतेत. म्हशी दुसरीकडं बांधा म्हनून सांगाय गेलं आन राग आला, तर ताक बंद. मळा काय, पाच शेतं लांब. बाया जातेत येतेत.”

माणिकरावांनी बाया रोज सकाळी घागरी घेऊन मळ्याकडे जाताना पाहिल्या होत्या. आंबेसावळीच्या बायांना फार बोलायला लागते, एवढाच अर्थ त्यांनी त्यातून काढला होता.

“मतलब कोई नहीं पीता,” दरोगासाहेब म्हणाले, आणि टाक शून्याकडे निघाला.

“एक पितेत,” मागून आवाज आला. नर्मदाबाई पदर सारखा करीत उभ्या होत्या. गरम पाणी चुलीवर ठेवून त्या पाहायला आल्या होत्या. “हे पितेत. घरच्या रांजनात मळ्यातलंच असतंय. ह्यांचा तांब्या तेवढा आडाचा. पयल्या साली मी म्हनले की ह्या पान्याला वास येतोय, तर हे म्हनले, सरकारी आड हाय, तुला काय कळतंय. मग मी बोलले न्हाई.” आणि थोडे थांबून, पत्नीच्या कर्तव्याला जागून, त्यांनी पुढचेही सांगितले. “आड लाल झाल्यापासून ह्यांनाबी मळ्यातलं देयाय लागले. तवापासून ह्यांचं पोट धड न्हाई.”

दरोगासाहेबांनी कायद्याचे पुस्तक काढून दोन वेळा चाळले. घाण करणारा इसम आणि ती पिणारा इसम एकच असेल तर काय करावे याबद्दल सरकारने काही कलम केलेले नव्हते. फिर्याद कुणाची घ्यावी हाही प्रश्न होता. त्यांनी टोपी उचलून माणिकरावांच्या हातात दिली आणि म्हशी दुसरीकडे बांधा असे सांगितले. नर्मदाबाईंनी त्यांना पेलाभर ताक दिले.

वच्छलाला तिसऱ्या प्रहरी मुलगी झाली. तख्ता त्याआधीच परभणीला गेला होता. त्यात आडाची खोली, गोठ्यापासूनचे अंतर आणि पाण्याचा रंग लिहिला होता. पिणारे इसम या रकान्यात एक आणि आजारी या रकान्यात शून्य, कारण चांगल्या पाण्याने बिघडलेल्या पोटासाठी तख्त्यात रकाना नव्हता.